गोळी घेतल्यानंतरचा दिवस

स्किझोफ्रेनियाबद्दल आपल्या मोहल्ल्यात साधारण दोनदाच बोलले जाते. एखादा तरुण रस्त्याने एकटाच बडबडत जाऊ लागला, घरातून आदळआपट ऐकू आली, की पहिल्यांदा. आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या मयतीला चार माणसे जमली, की दुसऱ्यांदा. तेव्हाही ‘सुटला बिचारा’ यापलीकडे कोणी बोलत नाही. या दोन प्रसंगांच्या मध्ये तीस-चाळीस वर्षांचे अख्खे आयुष्य असते. ते कसे गेले आणि कसे जाऊ शकले असते, याची चौकशी कोणी करत नाही. या वेळचे संपादकीय त्या मधल्या वर्षांबद्दल आहे.

प्रश्न सरळ आहे. हा आजार जडलेला माणूस समाधानाचे, स्वतःच्या कमाईचे, चार लोकांत मिसळलेले आयुष्य जगू शकतो का? जगू शकतो, आणि अनेक जण जगत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार या आजारातून तीनपैकी किमान एक जण पूर्ण बरा होतो. उरलेल्यांतही पुष्कळ जण औषध घेत, थोडीफार लक्षणे सोबत असताना, कामधंदा आणि संसार सांभाळतात. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट औषध. दुसरी औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती रुग्णाच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांकडे असते. आज तुटवडा आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

तरुण वाचकांनी यात का पडावे? कारण हा आजार म्हातारपणाचा नाही. तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. मुलांमध्ये थोडा आधी, मुलींमध्ये थोडा उशिरा. बारावीचा निकाल, इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष, पहिली नोकरी, निकाहची बोलणी, नेमका हाच काळ. आपल्या कसबा बावड्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, साखर कारखाना आहे, नदीपलीकडे शिरोली एमआयडीसीत पाळीला जाणारी मुले आहेत. म्हणजे या वयाची मुले-मुली आपल्या अवतीभोवती भरपूर आहेत. जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे. दर ३०० माणसांमागे एक. याच सरासरीने हिशोब केला तर ३,००० वस्तीच्या भागात दहा जण निघतील. त्यांतले किती तुमच्या ओळखीचे आहेत? फार तर एखादा. बाकीचे आतल्या खोलीत आहेत.

आधी आजार नीट समजून घेऊ. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात, पण नावानेच गैरसमज वाढवला आहे. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. ‘दुभंगलेले मन’ असा त्याचा अर्थ घेऊन लोकांनी एका शरीरात दोन माणसे राहतात, अशी समजूत करून घेतली. तसे काही नसते. विचार, भावना आणि जाणिवा यांची आपापसातली जुळणी बिघडते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. पुष्कळदा शिव्या देणारे, हुकूम सोडणारे. शेजारी कट करत आहेत, मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवली जाते आहे, अशी खात्री पटते आणि कितीही समजावले तरी ती हलत नाही. बोलण्यातली संगती सुटते. यामागे मेंदूतले बदल, आनुवंशिकता, आयुष्यातले ताण असे अनेक धागे गुंतलेले असतात. गांजाने हा धोका वाढतो, हे कट्ट्यावर बसणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. अम्मीने लाड केले म्हणून, नमाज चुकली म्हणून किंवा कोणाची नजर लागली म्हणून हा आजार होत नाही. आणि रुग्ण म्हणजे मारेकरी, हीसुद्धा चुकीची समजूत. बहुतेक रुग्ण कोणावर हात उचलत नाहीत. उलट मार खाणे, फसवले जाणे, लुटले जाणे हे त्यांच्याच वाट्याला जास्त येते.

आवाज आणि संशय बाहेरच्यांना दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. पण या आजाराची दुसरी बाजू जास्त काळ टिकते आणि कमी दिसते. माणसाची उमेद आटते. अंघोळ करावीशी वाटत नाही, मित्राचा फोन घ्यावासा वाटत नाही, चेहऱ्यावर आनंद किंवा दुःख उमटत नाही, हातात घेतलेले काम दहा मिनिटांत सुटते. डॉक्टरांच्या भाषेत ही ऋण लक्षणे. घरच्यांच्या भाषेत आळस. ‘जेवायला बरोबर उठतो, कामाचे नाव काढले की झोपतो,’ हे वाक्य अशा प्रत्येक घरात कधी ना कधी बोलले जाते. पाय मोडलेल्याला आपण पळायला सांगत नाही. उमेद मोडलेल्याला मात्र रोज टोमणा मारतो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लोरप्रोमझिन हे औषध आले आणि या आजारावरचे उपचार बदलून गेले. त्यानंतर कितीतरी नवी औषधे निघाली. रोजची गोळी चुकत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने आहेत. दोन औषधांचा उपयोग झाला नाही तर क्लोझपिन आहे. त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. या औषधांनी बहुतेकांचे आवाज आणि संशय आटोक्यात येतात. म्हणून औषध सोडायचे नाही. वजन वाढले, हात थरथरले, झोप अनावर झाली तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घ्यायचे. आपल्या मनाने बंद करायचे नाही. अचानक बंद केले की आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. पण आटलेल्या उमेदीवर या औषधांचा परिणाम तोकडाच पडतो, हे वैद्यकशास्त्र स्वतः मान्य करते.

म्हणून खरा प्रश्न गोळी घेतल्यानंतर सुरू होतो. समजा, एकवीस वर्षांचा एक मुलगा दवाखान्यातून घरी आला आहे. सकाळी आठला त्याने गोळी घेतली. आवाज शांत आहेत. आता रात्री दहापर्यंत त्याने काय करायचे? कॉलेज सुटले. सोबतची मुले पुढच्या वर्गात गेली. अब्बू कामावर, भाऊ पुण्याला. अम्मी म्हणते, ‘बेटा, तू फक्त आराम कर.’ पहिल्या महिन्यात ही माया असते, दुसऱ्या वर्षी तिचाच तुरुंग होतो. त्याला कोणी दूध आणायला पाठवत नाही. घराच्या हिशोबात त्याला कोणी विचारत नाही. दावतीला सगळे जातात, तो घर राखतो. चौदा तासांचा हा रिकामा दिवस कोणत्याही गोळीने भरत नाही, आणि रिकाम्या दिवसात आवाजांना परत यायला भरपूर जागा मिळते.

दिवसाला जागा मिळाली तर काय होऊ शकते? जॉन नॅश यांचे उदाहरण घ्या. ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा त्यांच्यावरचा २००१ चा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. सिनेमा पाहून त्यांची बुद्धी लक्षात राहते. मला मात्र त्यांच्याभोवतीच्या लोकांची गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिशीच्या सुमारास आजार सुरू झाला, नोकरी गेली, घटस्फोट झाला. तरीही १९७० मध्ये त्यांच्या पूर्वीच्या पत्नी अलिशिया यांनी त्यांना घरात आसरा दिला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात ते वर्षानुवर्षे फिरत राहिले, फळ्यांवर न कळणारे काहीबाही लिहीत राहिले, आणि त्यांना कोणी हाकलले नाही. ग्रंथालय त्यांना उघडे होते, संगणकही उघडा होता. तिथेच ते प्रोग्रॅमिंग शिकले. हळूहळू भ्रम मागे सरले आणि १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एक खुलासा करायला हवा: १९७० नंतर नॅश यांनी औषधे घेतली नाहीत, सिनेमात वेगळे दाखवले आहे. त्यांच्या बाबतीत ते निभावले. इतरांनी त्यावरून धडा घेऊ नये. घ्यायचा तो धडा त्या उघड्या दारांचा.

नॅश असामान्य होते आणि बावडा म्हणजे प्रिन्स्टन नव्हे, हे मान्य. मग आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया होता. वाणींनी तो लपवला नाही, आणि घरातल्या दुःखाशी थांबलेही नाहीत. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे एकमेकांना भेटू लागले, बोलू लागले. २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो दिग्दर्शित केला आणि अतुल कुलकर्णी यांनी त्यातला शेष साकारला. मराठी घरांमध्ये या आजाराचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले, त्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्याच चित्रकार आणि लेखिका रेश्मा वल्लीअप्पन तर स्वतःच्या स्किझोफ्रेनियाबद्दल जाहीरपणे बोलतात, लिहितात. त्यांच्यावरचा ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ हा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. अमेरिकेत एलिन सॅक्स कायद्याच्या प्राध्यापक आहेत. त्यांनी २००७ मध्ये आत्मचरित्र लिहून आपला आजार जगासमोर ठेवला. औषध, समुपदेशन, जवळची माणसे आणि मनासारखे काम या चार गोष्टींवर आपण उभ्या आहोत, असे त्या सांगतात. या चारांतली पहिली डॉक्टर देतील, दुसरी समुपदेशक. तिसरी आणि चौथी कोण देणार?

याचे उत्तर शोधायला कॅलिफोर्नियाला जायला नको. सातारा आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतला कांचीपुरम भाग अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो २०१४ मध्ये छापून आला. साताऱ्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. काही रुग्णांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. बाकीच्यांना तेच उपचार मिळाले आणि शिवाय प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते त्यांच्या घरी जात राहिले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. आजार समजावणे, औषध चुकू न देणे, पुन्हा कामाला लागायला मदत करणे, सरकारी योजनांपर्यंत पोचवणे, असे त्यांचे काम. वर्षभरानंतर या दुसऱ्या गटाची लक्षणे आणि रोजच्या व्यवहारातले अडथळे पहिल्या गटापेक्षा कमी झालेले दिसले. फरक प्रचंड नव्हता, पण तो नक्की होता. आणखी एक गोष्ट या अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवली: लोकांकडून मिळणाऱ्या हिणकस वागणुकीत मात्र फरक पडला नाही. म्हणजे कार्यकर्ता रुग्णाला घराबाहेर आणू शकतो, पण बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला तो बदलू शकत नाही. ते आपणच करायचे.

कामाच्या बाबतीतही जगभरचा अनुभव असाच आहे. पूर्वी समज अशी होती की आधी रुग्ण पूर्ण बरा व्हावा, मग त्याला प्रशिक्षण द्यावे, मग नोकरीचे बघावे. आता अनेक देशांत उलटे करतात: त्याला हव्या त्या प्रकारचे खरे काम आधी मिळवून द्यायचे आणि कामावर असताना आधार द्यायचा. या पद्धतीने जास्त लोक नोकरीत लागतात, असे वारंवार दिसले आहे. आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, असे पंचगंगेकाठच्या पोराला कोणी सांगत नाही. पाठीला डबा बांधून, शेजारी उभे राहूनच शिकवतात.

बावडेकरांना हे नवे वाटू नये. राजर्षी शाहूंचा जन्म इथला, लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. मुलांना नुसती फी माफ करून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. खेड्यातून आलेल्या पोराला कोल्हापुरात अंग टाकायला जागा, दोन वेळचे जेवण आणि सोबतीला चार मुले लागतात. म्हणून त्यांच्या आधाराने या शहरात जमातीजमातींची वसतिगृहे उभी राहिली. आपले मुस्लिम बोर्डिंग त्यांतलेच. आज मानसिक आजाराच्या बाबतीत आपण नेमके तिथेच अडलो आहोत. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, सरकारी दवाखान्यात औषध मिळते. फी माफ झाली आहे म्हणा. बोर्डिंग अजून बांधायचे आहे.

ते बांधण्याआड तीन गोष्टी येतात. पहिली, उशीर. घरात आवाज ऐकू येणारे मूल असले की पहिली धाव बाबाकडे किंवा दर्ग्याकडे जाते, आणि डॉक्टरपर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षे लागतात. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके पुढचे आयुष्य चांगले जाते, म्हणून ही वर्षे फार महाग पडतात. जिन्नावर श्रद्धा असणे वेगळे आणि प्रत्येक आजार जिन्नाच्या माथी मारणे वेगळे. आजारावर इलाज करा, हीच तर आपल्याला शिकवण आहे. अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने हजारभर वर्षांपूर्वी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. हलबमध्ये, म्हणजे अलेप्पोत, १३५४ साली उभारलेल्या बिमारिस्तानात मनोरुग्णांना कारंज्याच्या चौकाभोवती ठेवत. हा आपला वारसा. आणि दुसरीकडे तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण गेले. हेसुद्धा आपण विसरता कामा नये. मधला रस्ता गुजरातने दाखवला आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालतो. तिथल्या मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. ते दुआ देतात आणि दर्ग्यातच डॉक्टरांकडेही पाठवतात. श्रद्धा कोणी हिरावून घेतली नाही, आणि इलाजही थांबला नाही. आपल्या मशिदींच्या इमामांनी जुम्म्याला फक्त एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होईल: दुआ करा, आणि उद्याच डॉक्टरकडे जा.

रमजानचेही तसेच. रोजा ठेवायचा म्हणून गोळी बंद करणे, हे आजार उलटण्याचे एक कारण ठरू शकते. सहरी आणि तरावीहमुळे झोप तुटते, त्याची त्यात भर पडते. रमजान सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अनेक गोळ्यांची वेळ इफ्तार आणि सहरीत बसवता येते. ज्याला डॉक्टर नाही म्हणतील, त्याला शरीयतने आजारपणाची सवलत दिलेलीच आहे. ती घेणाऱ्याला कमी लेखण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरा अडथळा लपवाछपवीचा. ‘निकाह लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा सल्ला देणारे प्रत्येक खानदानात असतात. निकाह हा उपचार नव्हे. आजार लपवून लावलेल्या निकाहात दोन आयुष्ये पणाला लागतात, आणि मुलगी आजारी असेल तर बहुधा तिलाच माहेरी पाठवले जाते. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने विवाह मोडलेल्या अशा स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा आजार आणि एकटेपणा असा दुहेरी भार त्यांच्यावर असल्याचे दिसले. मग स्किझोफ्रेनिया असलेल्याने लग्नच करू नये का? तसे मुळीच नाही. आधी सगळे सांगून, डॉक्टरांशी बोलून, दोघांच्या राजीखुशीने झालेले संसार टिकतात. सत्य सांगितल्यावर काही स्थळे जातील. राहील ते स्थळ खरे.

तिसरा अडथळा हक्क ठाऊक नसण्याचा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी किंवा सरकारी मदतीच्या आरोग्यसेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायला हवा. पुढे कधी आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी अर्ज करता येतो. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, करणारा कोणत्याही धर्माचा असो. मदत कुठून सुरू करावी हे कळत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता आपण काय करायचे? मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. आमच्याकडे यंत्रणा मध्यरात्री कोसळली की दुसऱ्या दिवशी गुन्हेगार शोधत नाहीत. कोसळण्याआधी कोणत्या खुणा दिसत होत्या ते शोधतात, म्हणजे पुढच्या वेळी लवकर कळते. स्किझोफ्रेनियातही हे करता येते. आजार उलटण्याआधी बहुतेकांच्या ठरावीक खुणा असतात: झोप कमी होणे, खोलीचे दार लावून बसणे, जेवणावर संशय, जुनाच एखादा विषय पुन्हा निघणे. रुग्ण बरा असताना त्याच्यासोबत बसून त्याच्या खुणा एका वहीत लिहून ठेवाव्यात, आणि त्या दिसल्या की कोणाला फोन करायचा हेही. ती वही त्याची असावी. त्याच्यावर पाळत ठेवायचे साधन ती होऊ नये.

ज्याचे दुकान आहे त्याने दिवसाचे दोन तासांचे काम द्यावे: माल मोजणे, बिले लावणे, पार्सल बांधणे. दोन तासांचे चार कधी करायचे हे कामगाराला ठरवू द्यावे, आणि ठरलेले पैसे हातात द्यावेत. खैरात म्हणून दिलेले काम माणसाला लगेच ओळखू येते. आयटीतल्या मित्रांनी घरून करता येण्यासारखे छोटे काम शिकवावे. तालमीतल्या पोरांनी संध्याकाळी हाक मारावी. व्यायाम औषधाने वाढणाऱ्या वजनावरही बरा. कॉलेजमधल्यांनी वर्ष सुटलेल्या मित्राला नोट्स पाठवाव्यात आणि परीक्षेचा अर्ज भरताना सोबत जावे. मशिदीत त्याच्यासाठी सफमध्ये जागा करावी, आणि ईदच्या तयारीत एखादी छोटी जबाबदारी द्यावी. बोलताना तो जे ऐकतो ते खोटे आहे म्हणून वाद घालू नये, आणि खरे आहे म्हणून होकारही देऊ नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे कळतंय,’ एवढे पुरते. तो मरणाबद्दल बोलू लागला तर ते हसण्यावारी नेऊ नये. या आजारात आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि सांभाळणाऱ्यांना विसरू नये. बहुतेक घरांत ती अम्मी असते किंवा थोरली बहीण. वर्षानुवर्षे ती कोणाच्या लग्नाला गेलेली नसते, कारण घरी कोणीतरी थांबायला हवे. महिन्यातून एक दुपार कोणी त्या घरी जाऊन बसले आणि तिला मोकळे केले, तर ती मदत कोणत्याही भाषणापेक्षा मोठी. अशी चार-पाच घरे एकमेकांना सापडली की त्यांचा गट होतो. पुण्यात सुरुवात अशीच, कुटुंबांनी एकत्र बसण्यातून झाली. कोल्हापुरात, बावड्यात असा गट महिन्यातून एकदा कोणाच्याही दिवाणखान्यात बसू शकतो. त्याला निधी लागत नाही, नोंदणी लागत नाही. चहा लागतो, आणि तिथे ऐकलेले बाहेर न बोलण्याची शपथ लागते.

भरलेले आयुष्य म्हणजे काय, याची फार मोठी व्याख्या करायची गरज नाही. सकाळी उठायला कारण असावे, संध्याकाळी कोणीतरी वाट पाहणारे असावे, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते हे माणसाला ठाऊक असावे. स्किझोफ्रेनिया असलेल्यालाही एवढेच हवे असते. तुमच्या गल्लीत असे एक घर नक्की आहे. या आठवड्यात तिथे जा. तब्येत विचारून परत येऊ नका. त्याला जमेल असे एखादे काम घेऊन जा आणि म्हणा, ‘भाई, जरा मदत हवी होती.’